दोरीवरची चड्डी

"ही नुसती खाज नाही, आजार आहे," धुळ्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा मला आधी हायसंच वाटलं. आमच्या शिंदखेड्यात तोवर मी गजकर्णाची मिळतील ती मलमं चोपडली होती. योनीबाहेरची कातडी पांढरी पडून फाटायची. लघवीला बसले की डोळ्यांतून पाणी यायचं.

आजाराचं नाव लायकेन स्क्लेरोसस. म्हणजे तिथली कातडी पातळ होते, आक्रसते, आपसांत चिकटत जाते. "पूर्ण बरा होत नाही, आवरता येतो. हयगय केली तर क्वचित कॅन्सरही होतो." बाईंनी स्टेरॉइडचं मलम दिलं आणि खास रेशमी कापडाच्या, बिनरंगाच्या चड्ड्या मागवायला लावल्या. "हे औषध नाही. कातडी घासणार नाही, आग कमी होईल, इतकंच."

आग खरंच उतरली. मग पुन्हा भडकली. मी रडकुंडीला आले.

"ओलसर घालता का?" बाईंनी तपासताना विचारलं. घालतच होते. आमच्याकडे बाईच्या चड्डीला ऊन दिसू द्यायचं नाही. न्हाणीघरात परकराखाली दडवून वाळवायची. ती वाळतच नाही, मग तशीच चढवायची. एवढं रेशीम आणलं आणि चोरीच्या मालासारखं लपवलं!

त्या दिवशी घरी येऊन मी चड्डी अंगणातल्या दोरीवर टाकली. सासूबाई, आमच्या अक्का, धावत आल्या. "बठ्ठा लोके देखतीन ना!"

माझं डोकं फिरलं. मला काय होतं ते मी त्यांना उघड सांगितलं, कातडीच्या रंगासकट. अक्का ओट्यावर बसल्या.

"माले बी हाईच शे," त्या म्हणाल्या. त्यांनाही तेच! "कोनले सांगू?"

मी त्यांना धुळ्याला नेलं. तपासणीत त्याच जागी गाठ निघाली. बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, झाली. कॅन्सर होता, आणि जांघेपर्यंत पसरला होता. शस्त्रक्रियेनंतर अक्का खाटेवरून उठल्याच नाहीत.

त्या खाटेवर होत्या तेव्हा एकदा पाहुणे आले म्हणून मी सवयीने दोरीवरच्या चड्डीवर टॉवेल टाकला. अक्कांनी खाटेवरून पाहिलं. "काढ ते. ज्याले देखनं शे त्याले देखू दे."

बायांनो, खाज अंगावर काढू नका. दाखवा. माझा आजार आज आटोक्यात आहे. अक्कांना मात्र कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही.

त्यांच्या दशक्रियेच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. चड्डी दोरीवर होती. कुणीतरी खुणावलं. मी ती काढली नाही.