पुंजाजी आणि एलिचपुरी पैसा

अमरावतीच्या एका कॉलेजात पुंजाजी शिपाई होता. वर्ग झाडायचे, विहिरीवरून दोन मजले बादल्या चढवून माठ भरायचे, तासाची घंटा द्यायची. पण कॉलेजात त्याला ओळखत ते त्याच्या पैशांमुळे. त्याच्याकडे तांब्याचे चारशेवर जुने पैसे होते आणि त्यातला एकही तो खर्च करत नसे.

सत्तावन्न साली नवे पैसे आले आणि तांब्याच्या जुन्या पैशाची कदर गेली. लोक फुटक्या घागरींबरोबर तो मोडीत घालू लागले. तेव्हापासून दर रविवारी पुंजाजी इतवारा बाजारात तांबटाच्या दुकानापुढे उकिडवा बसून ढिगातून पैसे निवडायचा. अकोल्याला बहीण दिली होती. तिच्याकडे गेला की पिशवी ठेवून आधी तिथल्या मोडवाल्याकडे जायचा, मग भाच्यांना जवळ घ्यायचा.

पारखायला त्याच्याजवळ पुस्तक नव्हतं. दर्जे त्यानं आपले आपणच पाडले होते. पैशावरच्या राणीच्या केसांची बट न् बट दिसते तो ‘कोरा’. बटा मिटल्या पण नाक-कान शाबूत तो ‘चालता’. चेहऱ्याची नुसती कड उरली तो ‘थकला’. आणि दोन्हीकडून सपाट झाला तो ‘भाकर’. भाकरीला तो तांब्याच्या वजनाचाच भाव द्यायचा. कोऱ्या पैशासाठी मात्र महिनाभर विडी सोडायचा.

त्याच्या बायकोनं, सुंदराबाईनं, सुरुवातीला एकदा चाळीस पैसे चिंचेनं अन् राखेनं घासून लखलखीत करून ठेवले होते. पुंजाजी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, “तांब्याचा काळेपना म्हंजे त्याची उमर असते. तू उमरच पुसून टाकली.”

“मले काय मालूम? घरातलं समदं तांबं मी चिंचेनंच घासतो. तुमचे पैसे का जावई हायेत?”

एकसष्ट साली कॉलेजनं जुन्या वस्तूंची एक खोली करायचं ठरवलं. नाणी, ताम्रपट, शेतात सापडलेल्या मूर्ती, असं सगळं तिथं मांडायचं होतं. खोली सांभाळायला एक माणूस हवा होता. इतिहासाचे प्राध्यापक किसनराव यांनी पुंजाजीचं नाव सुचवलं. सगळ्या कॉलेजात त्याला “पुंजाजी, जरा पाहता का” असं विचारणारे ते एकटेच. पुंजाजी अठ्ठेचाळीस वर्षांचा झाला होता. वरच्या मजल्यावर बादली टेकवली की त्याला भिंत धरूनच सरळ व्हावं लागे. ही खोली मिळाली तर पाणी चढवणं सुटणार होतं.

पण नाव मंजूर करणारे पाच जण होते आणि त्यांतले एक चांदूर रेल्वेचे रामराव. मोठे शेतकरी, कॉलेजला देणगी देणारे. त्यांच्या घरी एलिचपूरच्या जुन्या टांकसाळीचा एक जाड तांब्याचा पैसा होता. तो पंचाहत्तर रुपयांना कॉलेजला द्यायचा आणि खोलीत पहिल्या कपाटात मांडायचा, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. किसनराव म्हणाले, “पुंजाजी एकदा पाहतील, मग रुपये देऊ.”

चांदूरला निघायच्या दिवशी सुंदराबाईनं भाकर-चटणी फडक्यात बांधता बांधता सांगितलं, “चांगला हाय म्हना अन् मोकळे व्हा. पैसा त्यायचा, रुपये कॉलेजचे. तुमी मधात काहून पडता?”

“चांगला असला तं चांगलाच म्हनीन.”

“अन् नसला तं?”

पुंजाजी चपला शोधू लागला.

बडनेऱ्याला गाडी बदलून पुंजाजी आणि किसनराव दुपारपर्यंत चांदूरला पोचले. रामरावांच्या ओसरीत खुर्ची एकच आली. पुंजाजी पायरीवर टेकणार, तोच किसनराव खुर्ची सोडून बाकावर बसले आणि शेजारी हात थापटून म्हणाले, “इथे या, उजेड चांगला आहे.” रामरावांनी ते पाहिलं आणि पानाचा डबा उघडला.

पैसा लाल रेशमात गुंडाळलेला होता. पुंजाजीनं तो तळहातावर घेऊन वजन पाहिलं. जाडी बरोबर, अक्षरांची ठेवणही बरोबर. त्याला बरं वाटलं. मग त्यानं पैसा बोटाच्या टोकावर ठेवला आणि नखानं टिचकी मारली. आवाज खणखणीत न येता ठस्स आला.

“ठोकून काय पायतं गा?” रामराव म्हणाले. “मडकं हाय का थे?”

पुंजाजीनं पैसा उन्हात धरला. काठाजवळ ज्वारीच्या दाण्याएवढी एक जागा होती. सगळा पैसा काळा, तेवढी जागा तांबूस. आणि एक बाजू जवळजवळ कोरी असताना दुसरी पार भाकर झालेली. बाजारात फिरलेला पैसा दोन्हीकडून झिजतो. एकाच बाजूनं झिजलेला त्यानं जन्मात एकच पाहिला होता. त्याची लेक शकुन लहान असताना तिच्या करदोड्यात भोक पाडलेला एक पैसा ओवला होता. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेऊन घरी आल्यावर त्यानंच तो दोरा कापला होता, आणि पोटाकडची गुळगुळीत बाजू कितीतरी वेळ अंगठ्यानं चाचपली होती.

“पुंजाजी?” किसनरावांनी विचारलं.

त्याच्या डोळ्यांपुढे कॉलेजचा जिना आला. चांगला हाय, एवढं म्हटलं की झालं असतं. आणि मग तो पैसा पहिल्या कपाटात बसला असता आणि पुंजाजीला रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसावी लागली असती.

“भाऊसाहेब,” तो म्हणाला, “पैसा अस्सल हाय. एलिचपूरचाच. पन याले एक डाव भोक पाडलं होतं, मंग भरलं. हा लेकराच्या करदोड्यात होता. भोकाच्या पैशाले पंचाहत्तर येत नाही. सात-आठ येतीन.”

रामरावांनी पानाचा डबा बंद केला. “आमच्या देवातला पैसा हाय थो. दर दिवाळीले पूजेत असते. देवातला पैसा कोन्या पोराच्या कमरेले कसा जाईन? मी कॉलेजले खोटा पैसा इकून राहिलो, असं म्हनतं काय तू?”

“खोटा नाही म्हनत, भाऊसाहेब. भोकाचा म्हनतो.”

किसनराव कपातल्या चहाकडे पाहू लागले. पुंजाजीला वाटलं, संपलं. पाणी काही सुटत नाही आता.

आवाज चढलेला ऐकून रामरावांची आई आतून भिंतीच्या आधारानं बाहेर आली. पार्बताबाई, ऐंशीच्या पुढची. “काय झालं रे रामा? आन इकडं.” तिनं पैसा डोळ्यांजवळ नेला, दिसेना तेव्हा अंगठ्यानं काठ चाचपला.

“हा तं तुया हाय,” ती म्हणाली.

“माया कसा?”

“तुया आधीचे तीन गेले, बाप्पा. मंग तू झाला. तुया आजानं देवातला हा पैसा घेतला, भोक पाडलं अन् तुया कमरेले बांधला. पाच वर्साचा होयेपर्यंत हाच घालून हिंडे गावभर. चड्डी घाल म्हनलं तं रडे. मंग पैसा परत देवात ठेवाचा होता. भोकाचा पैसा पूजेत चालते का? म्हनून तुया बापानं सोनाराकून भरून घेतला.”

मग किसनरावांना चहा ठसकला आणि त्यांनी रुमालात तोंड लपवलं. रामरावांचे कान लाल झाले होते. त्यांनी आईच्या हातून पैसा घेतला, उलटा-सुलटा केला.

“पोटाकडं कोनती बाजू होती म्हनतं?” त्यांनी पुंजाजीला विचारलं.

पुंजाजीनं दाखवली. रामराव त्या बाजूवरून बराच वेळ अंगठा फिरवत राहिले आणि मग पैसा त्यांनी आपल्या खिशात टाकला.

“हा काही मी देत नाही आता,” ते म्हणाले. “किसनराव, मीटिंगमदी या मानसाचं नाव मीच मांडतो. पन कमरेचं अन् चड्डीचं तिथं कोनी बोलू नोका.”

स्टेशनवर आल्यावर पुंजाजी बाकावर बसला, फडकं सोडलं आणि दोन्ही भाकरी तिथंच संपवल्या. सकाळपासून त्याला भूक अशी लागलीच नव्हती.

घरी सुंदराबाईनं सगळं ऐकून घेतलं, एकदा नाही, दोनदा. मग विचारलं, “अन् थे बुढी घरी नसती तं?”

“तं पानी भरलं असतं.”

“तुमी पानी भरलं असतं अन् मी रोज कमर चोळली असती,” सुंदराबाई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.