बिस्किटांच्या डब्यातल्या गोळ्या

आमच्या मजल्यावर सगळ्यांना वाटायचं की मी अर्धी डॉक्टर आहे. खरं म्हणजे मी आरोग्याशी संबंधित एका सरकारी कार्यालयात कारकून. टायपिंग, आवक-जावक आणि बैठकांची इतिवृत्तं, एवढंच माझं वैद्यकशास्त्र. पण विरारच्या आमच्या इमारतीत तेवढं पुरायचं. कुणाचा घसा धरला, कुणाला ताप भरला की आमची बेल वाजायची आणि मी कपाटावरून डबा काढायची.

बिस्किटांचा जुना, निळा पत्र्याचा डबा. त्यात उरलेल्या गोळ्या. उरायच्या त्या मुख्यतः आमच्या ह्यांच्या. प्रोस्टेटमुळे ह्यांना वरचेवर लघवीचं इन्फेक्शन व्हायचं. डॉक्टर आठवड्याच्या गोळ्या लिहून द्यायचे आणि तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली की हे स्ट्रिप माझ्या हातात ठेवायचे. "टाक डब्यात. पुढच्या वेळी होतील." पुढच्या वेळी खरंच व्हायच्या, आणि दवाखान्यातलं ताटकळणं वाचायचं. मी प्रत्येक स्ट्रिपला छोटी चिठ्ठी लावायची: 'लघवी', 'घसा', 'दात'. वळणदार अक्षरात. त्या टापटिपीचा मला केवढा अभिमान होता! आज सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्या अक्षराची.

त्याच सुमारास कार्यालयात प्रतिजैविक प्रतिरोधाच्या कृती आराखड्याचं काम आलं. वरून आलेला इंग्रजी मसुदा जिल्ह्यापुरता बेतून मराठीत आणायचा होता. साहेबांच्या मते माझं मराठी चांगलं, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. अँटिबायोटिक अर्धवट आणि उगाच घेत राहिलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात, मग खरी गरज पडते तेव्हा औषध हात टेकतं. सांगायचं एवढंच होतं, पण मसुद्याला त्यासाठी पानंच्या पानं लागली होती.

त्यात एक वाक्य होतं: 'नागरिकांनी उरलेली प्रतिजैविके घरी साठवू नयेत, इतरांस देऊ नयेत व संकलन केंद्रात जमा करावीत.' हे मराठी माझं. 'देऊ नयेत' लिहावं की 'देण्याचे टाळावे', यावर मी चहा गार होईपर्यंत विचार केला होता. आणि त्याच संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधली सून दारात आली. मुलीला ताप होता. मी 'घसा'मधल्या दोन गोळ्या काढून दिल्या. वर सांगितलं, "अर्धी अर्धी दे, लहान आहे अजून." मला त्यात काहीच खटकलं नाही. आराखडा नागरिकांसाठी होता, आणि नागरिक म्हणजे कुणीतरी दुसरे, असंच मी इतकी वर्षं टाइप करत आले होते.

आराखड्याची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली आणि तिसऱ्यांदा झाली. पशुसंवर्धनवाले आले, औषध दुकानदारांचा एक प्रतिनिधी आला, पाचूबंदरहून मच्छीमारांच्या वतीने एक बाई आली. कुणीतरी म्हणालं, खाडीच्या पाण्याचे नमुने घ्यायला हवेत. ती बाई शांतपणे म्हणाली, "घ्या की. पन पानी आमी नाय बिघडवलं. गोळ्या तुमी गटारात टाकता, त्या आमच्या मासळीकडे येतात." साहेब मला म्हणाले, "नोंद घ्या." मी घेतली. संकलन केंद्राच्या मुद्द्यापुढे 'जागा निश्चित करणे सुरू आहे' असं लिहिलं. मागच्या टिपणातही हेच होतं, त्यामुळे नुसतं उचलून चिकटवलं.

पावसाळा सरता सरता ह्यांना हुडहुडी भरून ताप आला. डबा काढला. 'लघवी'च्या गोळ्या दोन दिवस दिल्या, ताप उतरला, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चढला. हे म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊ या का?" स्वतःहून कधी न म्हणणारा माणूस हे म्हणाला. मी म्हटलं, "आजचा दिवस बघू या, उद्या मला इतिवृत्त द्यायचंय." दुसऱ्या चिठ्ठीची गोळी दिली आणि कामावर गेले. हे मी परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. सासरी असलेल्या आमच्या मुलीलाही नाही.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात दाखल केलं तेव्हा ह्यांचं बोलणं जडावलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी काय काय औषध दिलंय?"

"घरचंच," मी म्हटलं.

"घरचं म्हणजे?"

मी चिठ्ठ्यांवरची नावं सांगितली, औषधांची नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागले. तो मला कुणी समजावून सांगावा लागला नाही, कारण तसाच तक्ता मी आराखड्याच्या परिशिष्टात टाइप केला होता. एका बाजूला औषधांची नावं, दुसऱ्या बाजूला एस किंवा आर. एस म्हणजे औषध लागू पडेल, आर म्हणजे नाही. मी बोट ठेवत खाली गेले. आर, आर, आर. माझ्या डब्यातली सगळी नावं त्यात भेटली. अगदी तळाशी एका इंजेक्शनपुढे एस होतं. ते सुरू केलं, पण तोवर किडन्यांनी साथ सोडली होती.

मधेच एकदा ह्यांना शुद्ध आली. माझा हात धरून म्हणाले, "अगं, डब्यातलं काही नाही का चालणार?" मी म्हटलं, "बघते." त्यानंतर हे बोलले नाहीत. पाचव्या दिवशी गेले.

दिवसकार्य झाल्यावर मी कामावर रुजू झाले. टेबलावर आराखड्याची फाइल तशीच होती. मी साहेबांना विचारलं, "साहेब, घरी उरलेल्या गोळ्यांचा डबा आहे. तो कुठे जमा करू?" ते बिचारे ओशाळले. "ठेवा सध्या घरीच. केंद्र झालं की बघू." कचऱ्यात टाकावा तर तो डम्पिंगवर जाणार, गोळ्या संडासात ओताव्यात तर खाडीत, आणि मग ती पाचूबंदरची बाई डोळ्यांपुढे येते. म्हणून डबा कपाटावरच आहे. आराखड्याप्रमाणे वागायचं तर मला जायला जागाच नाही.

परवा दुपारी बेल वाजली. समोरची सून. मुलीला पुन्हा ताप, या महिन्यात दुसऱ्यांदा. मी म्हटलं, "गोळ्या नाही देत मी आता." ती थोडी रागावलीच. मग आवाज खाली आणून म्हणाली, "काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण काका तर गेले. आता ठेवून तरी काय करणार?"

मी तिला आत बसवलं आणि सांगितलं. रिपोर्टातले ते आर, चिठ्ठ्या, 'आजचा दिवस बघू या'सुद्धा. सगळं पहिल्यांदाच. ती ऐकत होती आणि तिची नजर कपाटावरच्या डब्याकडे गेली. मग तिने विचारलं,

"काकू, माझ्या मुलीलाही त्यातल्याच दिल्या होत्या ना तुम्ही?"

"हो," मी म्हटलं.

"किती वेळा?"

मला आठवेना. तिलाही आठवत नव्हतं. आम्ही दोघी बोटांवर मोजत बसलो, आणि समोरच्या दारातून तिची मुलगी आईला हाका मारत होती.