पळीभर पाण्यावरची कॅप्सूल

नौपाड्यातल्या हरिहर टेंब्यांचं गोळी घेणं हा एक धार्मिक विधीच होता. पूजा आटोपली की ते पाटावरून न उठता ब्लडप्रेशरची गोळी जिभेवर ठेवत, उजव्या हाताचा द्रोण करून त्यात पळीभर पाणी घेत आणि भुरकन ओढत. मग व्हिटॅमिनची गोळी, परत एक पळी. आचमनही झालं, औषधही झालं. ग्लासभर पाणी प्यायल्यावर औषधाचा जोर काय कप्पाळ उरणार, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत. वीज मंडळातला निवृत्त इंजिनियर बोलतोय म्हटल्यावर ऐकणाराही मान डोलवायचा.

खरं कारण निराळंच होतं. सत्तरी उलटल्यापासून हरिहररावांना पाणी प्यायलं की लगेच जावं लागे. चारचौघांतून उठून जायची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटे. म्हणून त्यांनी पाणीच तोडलं होतं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सरोजताईंना ते सगळं ठाऊक होतं, ही गोष्ट वेगळी.

तशात नात देवयानीचं लग्न ठरलं आणि हरिहररावांच्या अंगात आलं. मंगलाष्टकं त्यांनी स्वतः रचली, आठच्या आठ कडवी, तीही अस्सल शार्दूलविक्रीडितात. गॅलरीत उभं राहून तालीम इतकी केली की समोरच्या इमारतीतल्या बाया कपडे वाळत घालताना तिसरं कडवं गुणगुणायला लागल्या. घरातल्या मागच्या लग्नात कुणीतरी मोबाइलवरून मंगलाष्टकं वाजवली होती आणि ते दुःख त्यांच्या मनातून काही केल्या जात नव्हतं. आता घरात लग्नाचं असं कुणी उरलं नव्हतं. ही मंगलाष्टकं म्हटली तर म्हटली, नाहीतर राहिलीच.

नेमकी लग्नाच्या आठवड्यात दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, की भरपूर पाण्याबरोबर घ्या, घेतल्यावर अर्धा तास तरी आडवे होऊ नका. हरिहररावांनी दोन्हीला हो म्हटलं आणि एकही पाळलं नाही. लग्नाच्या सकाळी हॉलवर त्यांनी गुरुजींचीच पळी मागून घेतली, कॅप्सूल आत ढकलली आणि गळ्याला विश्रांती म्हणून खोलीतल्या गादीवर मस्त ताणून दिली.

थोड्या वेळानं छातीच्या मधोमध असं काही दुखायला लागलं की डोळ्यांत पाणी आलं. आवंढा गिळवेना. हरिहररावांनी ओळखलं, हा हार्ट अटॅक. पण बोंब मारली तर उचलून हॉस्पिटलात नेतील आणि मंगलाष्टकं परत मोबाइलवर जातील! त्यांनी ओठ आवळून गप्प राहायचं ठरवलं. सरोजताई शालू सावरत आत आल्या, तेव्हा त्यांचा हात धरून, आजवरची सगळी अळणी आमटी मी तुला माफ केली, एवढंच म्हणाले. पन्नास वर्षं आमटीवरून भांडणारा माणूस असं बोलल्यावर सरोजताईंनी ओळखलं, हे काही खरं नाही. त्या तडक नवरदेवाकडे गेल्या.

नवरदेव सुश्रुत डॉक्टर. त्याचं अर्धं वऱ्हाडही डॉक्टर. मुंडावळ्या बांधलेला नवरा, त्याचे फेटेवाले मित्र आणि मधोमध सोवळ्यातले हरिहरराव, अशी वरात शेजारच्या इमारतीतल्या दवाखान्यात शिरली. तिथल्या पेशंटांनी उठून जागा दिली. छातीवर तारा चिकटल्या, ईसीजीची पट्टी निघाली. तपासून, विचारून झाल्यावर सुश्रुतनं सांगितलं की हृदय ठणठणीत आहे, कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटून बसलीय.

"दुखणं लपवलंत ते फार वाईट केलंत, आजोबा," तो म्हणाला. "आता ताठ बसा, आणि हा ग्लास हळूहळू पूर्ण संपवा."

हरिहररावांनी ग्लासाकडे असं पाहिलं, जणू त्यात एरंडेल होतं. न प्यावं तर गाता येणार नाही, प्यावं तर गाता गाता... शेवटी डोळे मिटून प्यायले. आणखी थोडं पाजलं गेलं. हळूहळू छातीतली कळ ओसरली आणि आवाज मोकळा झाला.

अंतरपाट धरला गेला. पहिलं कडवं असं लागलं की मागच्या रांगेतल्यांनी मोबाइल खाली ठेवले. दुसरं त्याहून सरस. चौथ्याला हरिहररावांनी पाय आवळले. पाचव्यात त्यांनी लय इतकी वाढवली की गुरुजी दचकले. सहाव्याच्या तोंडाशी मात्र ते थांबले. कपाळावर घाम, गुडघ्याला गुडघा चिकटलेला. शेकडो माणसं अक्षता मुठीत धरून त्यांच्याकडे बघत होती. गुरुजींनी प्रसंगावधान राखून आपला मोबाइल चाचपला. झालं, हरिहररावांना वाटलं, सगळं संपलं. धरणीनं पोटात घ्यावं तर बरं.

"गुरुजी, तो ठेवा," अंतरपाटाआडून देवयानी म्हणाली. "आजोबा, जाऊन ये. आम्ही थांबतो."

पलीकडून सुश्रुत मुहूर्ताला अजून भरपूर अवकाश असल्याचं गुरुजींना सांगत होता. हरिहररावांनी सगळ्या मांडवाकडे एकदा पाहिलं. कुणीही हसत नव्हतं. पुढच्या रांगेतले त्यांच्याच वयाचे दोघे मात्र घाईघाईनं उठले आणि, चला, आम्हीही येतो, म्हणत त्यांच्या मागोमाग निघाले.