साक्षीदाराचा पाट

खटल्याच्या आदल्या संध्याकाळी विश्वंभरराव वकील ओटीवर एक पाट मांडत आणि त्यावर साक्षीदार बसलाय असं धरून उलटतपासणीची तालीम करत. प्रश्न विचारायचा, उत्तरापुरतं थांबायचं, पुढचा प्रश्न. लग्नाच्या नव्या नवलाईत त्यांच्या बायकोला, कुमुदला, हसू यायचं.

एकोणीसशे तेवीस साली खुनाच्या खटल्यातून त्यांनी एका बागायतदाराला सोडवलं. खून डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस, शिवदास कोळी. "तू प्यायला होतास ना?" हे त्यांनी इतक्या तऱ्हांनी विचारलं, की थेंबही न घेतलेला शिवदास अखेर थकून "व्हय" म्हणाला. त्याच आठवड्यात त्याची होडी किनाऱ्याला लागली, तो नाही.

विश्वंभररावांचं मात्र नाव झालं. अलिबागची नगरपालिका, मग लोकल बोर्ड, चौतीस साली थेट दिल्लीची असेंब्ली. भाषणाची तालीमही पाटासमोरच चाले. पण आता त्यांचं मधलं थांबणं लांबलं होतं. "हे कुणाला अमान्य आहे?" असं विचारून ते मान तिरकी करून ऐकत बसत. मग घाम पुसून वाक्यच गाळत.

शिवदासची बायको केसर मागल्या दारी मासळी घेऊन येई. बोंबील निवडता निवडता कुमुदनं विचारलं, "तुझा नवरा बोलायला कसा होता गं?"

"आमचा धनी? जेवला का इचारलं तरी आधी घटकाभर इचार करंल, मंग बोलंल. तवर भात निवायचा, बायसाहेब!" केसर हसली.

कुमुदच्या हातातला बोंबील टोपलीत पडला.

दिल्लीत हे असे थांबले, तर सगळी मेहनत पाण्यात. दिल्लीला जायला ते रेवसच्या बोटीला निघाले, तसा तिनं पाट कोयत्यानं फोडून बंबात घातला. सुकं फणसाचं लाकूड, पण पेटता पेटेना. नुसता धूर घरभर.

अधिवेशन संपवून ते परतले. वर्तमानपत्रात त्यांचं भाषण एकदाही आलं नव्हतं. पाय धुऊन त्यांनी ओटीच्या कोपऱ्यात पाहिलं.

"पाट कुठाय?"

"जाळला. तुमच्यासाठीच."

ते रागावले नाहीत. खांबाला टेकून म्हणाले, "वाटलंच मला. तिथं तो सारा वेळ उभा होता गं. त्याला उभं ठेवून मी कसा बोलू?"

कुमुद आत गेली. स्वतःचा जेवायचा पाट आणून तिनं ओटीवर मांडला, आणि पदरानं पुसला.