लातूरहून आणलेले ब्रेक

माझं मुखेडला बी-बियाण्याचं आणि खताचं दुकान आहे. डुप्लिकेट माल मला लांबून ओळखू येतो असं मी म्हणतो. बायको म्हणते, तुम्हाला सगळाच माल डुप्लिकेट दिसतो. तिचंही खोटं नाही. फोडलेलं पोतं पुन्हा कसं शिवतात हे ज्यानं एकदा पाहिलं, त्याचा शिवणीवरचा विश्वास उडतो तो उडतोच. म्हणून पोरीनं सायकलीला भारीतले पार्ट पाहिजेत असा धोशा लावला, तेव्हा मी बिचकलो ते किमतीमुळं नाही. खरं-खोटं मला कळणार नाही, असा हा पहिलाच माल होता.

पोरगी अकरावीत. जिल्ह्याच्या शर्यतीत नंबर काढलेली, पुढच्या शर्यतीची तयारी करून राहिलेली. तिला कार्बनचं हँडल, हलकी चाकं आणि डिस्क ब्रेक हवे होते. आधी नांदेडला गेलो. तिथल्या दुकानदारानं माल दाखवायच्या आधी थंडा मागवला. मी लगेच सावध झालो. माल चांगला असला तर थंडा कशाला लागतो? हँडलवरचं नाव नखानं खरवडून पाहिलं तर त्याचा चेहरा उतरला, आणि मी पोरीला घेऊन बाहेर पडलो. पोरगी म्हणाली, पप्पा, नखानं खरवडल्यावर कुणाचाही चेहरा उतरेल.

मग लातूर. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, तेही सोबत आले. जन्मभर शेती केली, गुडघे गेल्यापासून घरीच असतात, आणि नातीच्या सायकलीपलीकडं त्यांना दुसरा विषय नाही. ती सकाळी सरावाला निघाली की हे फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात, ती परत दिसेपर्यंत उठत नाहीत.

दुकान कसलं, सराफाची पेढीच. काचेच्या कपाटात गियरचे दाते, क्रँक, पेडल, सगळं दिवे लावून मांडलेलं. ब्रेकची ती जाळीदार तबकडी आप्पांनी हातात घेतली, उजेडात धरली आणि कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. लई देखणी हाय, एवढंच म्हणाले.

मी मात्र दुकानदाराकडं बघत होतो. हा थंडा मागवत नव्हता, भावात काही सोडत नव्हता, गोडगोड बोलतही नव्हता. तेही मला खटकलं. इतका ताठ माणूस, कशाच्या जोरावर? खोक्याचं सील उलटंपालटं करून पाहिलं, त्यावरची अक्षरं मोबाइलमधल्या फोटोशी ताडून पाहिली. सगळं जुळलं. इतकं जुळतंय म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असं मनात आलंच. निघताना तो म्हणाला, घरी या तबकडीला कुणी हात लावू नका, काही वाटलं तर सायकल इकडंच घेऊन या. घ्या, म्हणजे गिऱ्हाईक जन्मभर याच्या दावणीला. पण पोरीचं तोंड इतकं फुललं होतं की मी मुकाट्यानं पैसे दिले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगी पडली. गावाबाहेरच्या उतारावर तिनं ब्रेक दाबला, ब्रेक नुसता किंचाळला, चाक थांबेना. समोरून एसटी येत होती. तिनं सायकल बाजूच्या बाभळीत घातली. कोपर सोललं, हनुवटीला टाके पडले. एसटीचं ऐकून असा संताप आला की काय सांगू. मी म्हणत नव्हतो? आप्पा तर जेवलेच नाहीत. एक तर त्या माणसाला जाब विचार, नाहीतर ही सायकल घरात नको, म्हणाले. पोरगी सारखी म्हणत होती, जाऊ द्या ना पप्पा, मीच जोरात होते. सायकल जाईल म्हणून भिऊन राहिली, असं मला वाटलं.

सायकल गाडीत घातली आणि तिघं लातूरला गेलो. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी तोंड उघडायच्या आधी आप्पाच कडाडले.

"लेकराच्या जिवावर धंदा करून राहिलास व्हय रे, चोरा?"

मग मीही हात धुऊन घेतले. डुप्लिकेट हा शब्द मुद्दाम दारापर्यंत ऐकू जाईल असा म्हणालो. दोन माणसं काही न घेता बाहेर पडली, तेव्हा मला बरंच वाटलं.

दुकानदारानं चाक काढलं. तबकडीवरून पांढरं फडकं फिरवलं, फडक्याचा वास घेतला. मग आप्पांकडं पाहिलं, मग पोरीकडं. पोरीनं हळूच नकारार्थी मान हलवली. त्याची नजर खाली गेली. चोरी पकडली की माणूस असाच खाली बघतो, हे मी दुकानात रोज पाहतो.

"काका, चूक माझी हाय," तो आप्पांना म्हणाला. "ब्रेकचे पॅड खराब निघाले. बदलून देतो."

तबकडी साफ केली, पॅड नवे घातले, पैसे घेतले नाहीत. मी लढाई जिंकल्यासारखा गाडीत बसलो.

जळकोटच्या अलीकडं चहाला थांबलो. आप्पा तोंड धुवायला मागं गेले, तेव्हा पोरगी म्हणाली, त्या दुकानाबद्दल गावात कुणाला काही बोलू नका. ब्रेक चांगलेच होते. मग खरं काय झालं ते तिनं सांगितलं.

आमच्याकडं दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातलं लोखंड धुऊन, तेल लावून पूजेला मांडतात. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. यंदा मी दुकानातल्या पूजेत होतो, आणि घरी आप्पांनी सायकल मांडली होती. त्या देखण्या तबकडीला गोडं तेल चोळलं होतं. पोरीनं नंतर पुसलं, पण पुसल्यानं ते जात नसतं. तेल लागलेला ब्रेक धरत नाही, एवढं मलाही कळतं. दुकानदाराला तर वासावरूनच कळलं होतं.

मला का नाही सांगितलंस, मी विचारलं.

"तुम्ही आप्पांना बोलला असता," ती म्हणाली. "आणि त्यांच्या हातून मी एसटीखाली गेले असते, हे घेऊन ते रोज फाटकापाशी कसे बसले असते?"

मला राग आला, पण कुणावर काढावा ते कळेना. तेवढ्यात आप्पा उपरण्यानं तोंड पुसत आले. लई दिवसांनी खुशीत होते. म्हणाले, नव्या पॅडची पूजा घरी गेल्या गेल्या करू. मागच्या वेळी तेल जरा कमीच पडलं होतं.

पोरीनं मला डोळ्यांनी विनवलं. पण मला तो उतार दिसत होता आणि समोरून येणारी गाडी दिसत होती. मी सांगितलं. जमेल तितकं हळू सांगितलं, तरी सांगितलंच.

आप्पा बाकावर बसले. नातीच्या हनुवटीवरच्या टाक्यांकडं बघत राहिले. चहा निवून गेला.

"त्या माणसाला म्या चार लोकांत चोर म्हणलं," ते म्हणाले. "गाडी वळव."

लातूर कितीतरी मागं राहिलं होतं. मी वळवली. मागच्या सीटवर पोरगी त्यांचा हात धरायला गेली, तर त्यांनी तो ओढून घेतला आणि उपरण्याखाली लपवला. दुकानासमोर गाडी थांबल्यावर त्यांनी तोच हात तिच्यापुढं केला, आणि तिच्या आधारानं पायरी चढले.