उतरत्या हुद्द्याचे साडू

परदेशात माणूस चार पायऱ्या वर चढायला येतो. आमचे साडू रियाधला येऊन ज्या नेटाने खाली उतरले, त्या नेटाने कोणी गडही उतरला नसेल. आले तेव्हा त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, 'वित्त व्यवस्थापक' असा हुद्दा होता. मग सौदीकरणाचे वारे सुटले. आज ही पदं स्थानिकांना राखीव, उद्या ती, अशा बातम्या येऊ लागल्या आणि साडूंची झोप उडाली. इतरांनी देवाला हात जोडले, साडूंनी कफिलाला, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या सौदी मालकाला. खालचा हुद्दा द्या म्हणून विनवणारा माणूस त्या बिचाऱ्याने जन्मात पाहिला नसावा. व्यवस्थापकाचे ते हिशेबनीस झाले, हिशेबनिसाचे कारकून आणि शेवटी आमिल, म्हणजे साधे मजूर. काम तेच, खुर्ची तीच. "वाढावं माणसानं, पण वाढलेलं दिसू नये," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

वाढायचं त्यांनी सोडलं नव्हतंच. हिशेबाच्या मोठमोठ्या परीक्षा ते चोरून देत आणि पास झाले की मुलीचा वाढदिवस सांगून ऑफिसात पेढे वाटत. एका वर्षात त्या पोरीचे तीन वाढदिवस झाले. तपासणीला माणसं आली की साडू खुर्ची सोडून हातात ट्रे घेत. एकदा तपासनीसाने खरंच चहा मागितला. साडूंनी साऱ्यांना चहा दिला, वर कपही विसळले. "खलास, मिटलं! वाचली नोकरी," असं त्यांनी आमच्याकडे येऊन सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसलो. बायको हसली नाही.

कारण आमिलाला इथे बायकामुलं ठेवता येत नाहीत. हिची थोरली बहीण लेकीला घेऊन रत्नागिरीला परत गेली. "वर्षभराचा तर प्रश्न आहे. डोक्याला ताप नसला की सगळं जमतं," असं म्हणत साडूंनी त्यांना विमानतळावर पोचवलं. त्या वर्षाची सहा वर्षं झाली.

मध्यंतरी उत्तरेकडच्या हाइल शहरातल्या एका पीठगिरणीने त्यांना उघड उघड हिशेबनिसाचं पद देऊ केलं, कुटुंबाच्या व्हिसासकट. तिकडे ताईंनी लेकीचा शाळेचा दाखलाही काढला. आणि साडू अडले.

"हिशेबनिसांवरही येईलच की बंदी. इथे आहे ती मनःशांती कशाला घालवू?"

"कुणाच्या मनाची, भावोजी?" हिने विचारलं.

साडू पापड मोडत बसले. ती जागा नाशिकच्या एकाने घेतली. पुढे हिशेबनिसांवर थोडीफार बंदी आलीही, पण तो अजून तिथेच आहे, बायकोपोरांसह. आमचे साडूही सुखरूप आहेत म्हणा. त्यांच्या खुर्चीवर कोणाचा डोळा नाही, कारण त्यांना खुर्ची आहे हेच कोणाला ठाऊक नाही. असलं यश वैऱ्यालाही मिळू नये.

दर शुक्रवारी ते आमच्याकडे जेवायला येतात. गेल्या खेपेला आमची दोन्ही मुलं रिमोटवरून इंग्रजीत कडाकडा भांडत होती. मी ओरडलो, "अरे, काका जेवतायत, जरा गप्प बसा!"

"नको हो, भांडू द्या त्यांना," साडू घाईघाईने म्हणाले. "माझ्या खोलीवर काय, शांतताच असते."

ताईंना परत पाठवलं म्हणून इतकी वर्षं मला या माणसाचा राग होता. तो त्या दुपारी कुठे गेला, कोण जाणे. हिने न विचारता त्यांच्या पानात आणखी भात वाढला. भांडून दमलेली मुलं आत निघून गेली, तरी साडू हात वाळेपर्यंत पानावरून उठले नाहीत.