ऑलिव्ह आणि मेव्हिस एका टेबलावर

इंग्लंडमधल्या ग्रिम्स्बी बंदरात मासे चिरणाऱ्या बायका ओळखायला डोळे लागत नसत, नाक पुरे होतं. ऑलिव्ह ब्लँचर्ड लग्नाआधीपासून गोदीजवळच्या मासळीच्या कारखान्यात उभी होती. बर्फगार पाण्यातून हॅडॉक उचलायचा, दोन्ही अंगांनी सुरी फिरवायची, काटा बाजूला टाकायचा, की पुढचा मासा. संध्याकाळी ती दुमजली बसमध्ये चढली, की शेजारचे लोक उठून वरच्या मजल्यावर जायचे. "बरंच झालं," ती म्हणायची, "पाय पसरून बसता येतं."

तिच्या शेजारी उभी असायची मेव्हिस कोलबेक. सगळ्या कारखान्यात मेव्हिसच्या सुरीला तोड नव्हती आणि तोंडालाही. दोघी एकत्र कामाला येत, एकत्र घरी जात. ऑलिव्हच्या थोरलीचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा पोर मेव्हिसच्याच हातात होती.

मग कारखान्यात संप झाला. नेमका त्याच हिवाळ्यात ऑलिव्हचा नवरा रॉन अंथरुणाला खिळला होता. मासेमारीच्या बोटीवर साखळी तुटून त्याच्या पाठीत बसली होती. समुद्रावर गेला नाही तर पगार नाही, असा तो धंदा. घरात तीन पोरं. संप लांबत गेला आणि एका सकाळी ऑलिव्ह डोक्याला रुमाल घट्ट बांधून कारखान्याच्या फाटकातून आत कामावर गेली. बाहेर उभ्या असलेल्या बायकांनी शिव्या घातल्या, एकजण थुंकली.  मेव्हिसने मात्र नुसती पाठ फिरवली.

ती पाठ मग फिरलेलीच राहिली. संप मिटला, बायका कामावर आल्या, पण मेव्हिसने दुसऱ्या टोकाची जागा मागून घेतली. दोघी एकाच वस्तीत म्हाताऱ्या झाल्या. बसथांब्यावर एकीमागे एक उभ्या राहायच्या. एकीच्या घरी पोरीचं लग्न झालं, दुसरीच्या घरी नवरा गेला. या घरचं त्या घरी कळायचं ते तिसऱ्याच्या तोंडून.

ऑलिव्हच्या मनात या सगळ्याचं एक उत्तर तयार होतं. भांडी घासताना ती ते पुटपुटायची. दरवेळी त्यात एखादं वाक्य वाढायचं, एखादं जास्त धारदार व्हायचं. रॉन हयात होता तेव्हा आतून विचारायचा, "कुणाशी भांडतेस गं?" ती म्हणायची, "कढईशी."

रॉन गेल्यावर ती दर गुरुवारी दुपारी कोस्टासच्या तळलेल्या माशांच्या दुकानात जेवायला जाऊ लागली. म्हाताऱ्या माणसांसाठी त्या दिवशी स्वस्तातलं ताट असायचं: छोटा तळलेला हॅडॉक, चिप्स, घोटलेले मटार, लोणी लावलेला पाव आणि चहाची किटली. चरबीत तळलेल्या माशाचा वास, वाफेने धुरकटलेल्या काचा, शेजारच्या टेबलांवरची कुरबुर. घरी एकटीने गॅसची शेगडी पेटवून बसण्यापेक्षा हे बरं होतं. ती सावकाश खायची आणि चहाच्या कपाभोवती हात धरून बसायची. आयुष्यभर गारठलेली ती बोटं, उशिरा का होईना, ऊब वसूल करत होती.

एका गुरुवारी बाहेर पावसाबरोबर बर्फ पडत होतं आणि दुकान गच्च भरलं होतं. ऑलिव्हच्या पुढ्यात ताट नुकतंच आलं होतं, तेवढ्यात कोस्टासची सून एलेनी एका भिजलेल्या म्हातारीला हाताला धरून घेऊन आली. एलेनी लग्न होऊन सायप्रसहून आलेली, तिला इथल्या जुन्या भांडणांचा काय पत्ता!

"इथे बसा आजी. एवढी एकच खुर्ची रिकामी आहे. ऑलिव्ह आजी काही चावत नाहीत."

मेव्हिस क्षणभर उभीच राहिली. मग दाराबाहेर पाहिलं, बर्फ पाहिलं आणि बसली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. ऑलिव्हने व्हिनेगरची बाटली उचलली, माशावर ओतली आणि मधोमध ठेवली. मेव्हिसचं ताट आलं. तिने काटा-सुरी हातात घेतली आणि तेव्हा ऑलिव्हला ते दिसलं. मेव्हिसचे हात थरथरत होते. थंडीने नव्हे, ही थरथर शरीरात मुक्कामाला आलेली होती. काटा ताटावर खडखडत होता, सुरी माशावरून घसरत होती. एक चिप उचलली ती मांडीवर पडली. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने सभ्यपणे मान वळवली.

ऑलिव्ह आपल्या उत्तराची वाट पाहत राहिली. इतकी वर्षं घासून लखलखीत केलेलं, आत्ता ओठावर यायला हवं होतं. पण तिला नुसते ते हात दिसत होते. हे हात मासा चिरू लागले की बघायला फोरमनसुद्धा थांबायचा.

तिने मेव्हिसचं ताट आपल्याकडे ओढलं.

"कुणी सांगितलं तुला?" मेव्हिस फणकारली.

"गप. थंड झालं की चामडं होतं त्याचं."

ऑलिव्हने कुरकुरीत आवरण फोडलं, मासा घासाएवढा कापला, चिप्स अर्ध्या केल्या आणि ताट परत सरकवलं. काट्याऐवजी चमचा ठेवला. मेव्हिसने एक घास घेतला, बराच वेळ चावला.

"तुकडे फार मोठे केलेस," ती म्हणाली.

"तोंड लहान झालंय वाटतं तुझं. पूर्वी नव्हतं."

मेव्हिसच्या नाकातून एक आवाज निघाला. तो हसण्याचाच होता, पण तिने तो मान्य केला नसता. थोड्या वेळाने ती चमचा खाली ठेवून म्हणाली, "मी अजून म्हणते, तू त्या दिवशी आत जायला नको होतंस."

"आणि मी अजून म्हणते, पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा जाईन."

"हट्टी आहेस."

"मटार खा."

पुढच्या गुरुवारी ऑलिव्ह आली, तेव्हा मेव्हिस आधीच बसलेली होती आणि समोरच्या खुर्चीवर तिने आपली पिशवी ठेवली होती. ऑलिव्हने विचारलं नाही, पिशवी उचलून बसली. त्यानंतर हेच होत राहिलं. संपाचा विषय निघायचा, दोघी आपापल्या जागी ठाम राहायच्या, मग मासा कोणत्या दुकानात शिळा असतो यावर बोलायच्या. एलेनी मेव्हिसचा मासा आतूनच कापून आणायला लागली, तर मेव्हिसने तिला परत पाठवलं. "ते काम हिचं आहे."

वर्षभराने मेव्हिसचे पाय गेले. मग गुरुवारी ऑलिव्ह कागदात गुंडाळलेला गरम पुडा कोटाखाली धरून तिच्या घरी जाऊ लागली. आता चमचाही ऑलिव्हलाच धरावा लागे.

एकदा असंच भरवताना मेव्हिसने तोंड मिटून घेतलं. खिडकीकडे बघत विचारलं, "रॉनची पाठ फार दुखायची का गं तेव्हा?"

"रात्री ओरडायचा. पोरं घाबरून माझ्या कुशीत यायची."

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही कुणी विचारलं नाहीत."

 "नाही विचारलं," मेव्हिस म्हणाली. मग तिने तोंड उघडलं आणि ऑलिव्हने पुढचा घास भरवला.